विकलं नाही म्हणजे तोटा नाही?

शेअरबाजारातल्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "अजून विकलं कुठंय? मग तोटा कसला?" चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विषय काढून बघा. शेअर निम्म्यावर आलेला असतो, चेहरा उतरलेला असतो, पण वाक्य ठणठणीत असतं. या एका वाक्यानं जेवढे संसार पोखरले तेवढे हर्षद मेहतानंही पोखरले नसतील, असं माझं स्पष्ट मत आहे. आज त्याच्याशीच भांडायचं ठरवलंय.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो. मी अर्थतज्ज्ञ नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालो, सोलापुरात शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, निवृत्त झालो. आता सत्तरी ओलांडली. पेन्शनीतून घरखर्च भागल्यावर जे उरतं त्यातल्या ठरावीक रकमेत स्विंग ट्रेडिंग करतो. म्हणजे शेअर घ्यायचा, चार दिवस ते पाच-सहा आठवडे ठेवायचा, भावाची एक लाट पकडायची आणि बाहेर पडायचं. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती, असं विचाराल तर मी शेअर निवडणं म्हणणार नाही. घेताना ठरवलेला स्टॉप लॉस पाळणं, हेच मी पहिलं सांगेन. अमुक भावाला घेतला, तमुक भावाच्या खाली गेला तर माझा अंदाज चुकला, विकून मोकळा. बस्स. एवढं साधं आहे, आणि म्हणूनच बहुधा कुणाला पटत नाही.

आता त्या वाक्याकडे वळू. मराठीचा मास्तर म्हणून पहिली हरकत व्याकरणाचीच घेतो. "विकलं नाही" हा भूतकाळ झाला. "तोटा नाही" हा वर्तमानकाळ. पहिल्यावरून दुसरं कसं काय सिद्ध होतं? शंभराला घेतलेली वस्तू आज बाजारात साठाला जाते, तर तुमच्यापाशी आज साठच रुपये आहेत. विकल्यानं तोटा होत नाही हो, विकल्यानं तो फक्त वहीत उतरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती लोकांसाठी. मुठीत काय आहे ते ज्याची मूठ त्याला तरी ठाऊक असायला हवं की नको?

आमच्या सोलापूरच्या मार्केट यार्डात जाऊन हे वाक्य म्हणून बघा. सिद्धेश्वर बाजार समिती ही कांद्याची मोठी बाजारपेठ. तिथला व्यापारी कांदा वीस रुपयांनी घेतो आणि भाव पंधरावर येतो. तो काय करतो? माल बघतो, आवक बघतो, उद्या किती गाड्या येणार याचा अंदाज घेतो आणि पटत नसेल तर पंधराला काढून टाकतो. "विकला नाही म्हणजे तोटा नाही" असं तो म्हणत बसला, तर आठ दिवसांत वखारीतून वासच येईल. कांदा सडतो ते नाकाला कळतं. शेअर सडला तर वास येत नाही, एवढाच काय तो फरक. डीमॅट खात्यात शंभर शेअर काल होते, आज आहेत, उद्याही शंभरच दिसणार. आकडा तोच राहतो म्हणून आपल्याला वाटतं, मालही तसाच आहे.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, "सर, आम्ही कुठं भंगार कंपन्या घेतो? चांगल्याच घेतो." बरं. आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. बालाजी अमाइन्स ही सोलापूरची कंपनी. आपल्या लोकांना तिचा अभिमान आहे, मलाही आहे. तिचा शेअर २०२० च्या मार्चमध्ये दोनशे-अडीचशेच्या घरात होता. २०२१ साली तो पाच हजारांच्या वर गेला. आणि २०२५ च्या सुरुवातीला तो दीड हजाराच्याही खाली होता. कंपनी बुडाली नाही, कारखाना चालू आहे, कुणी पळून गेलं नाही. रसायनांच्या भावाचं चक्र फिरलं, नफा घटला, बाजारानं आधी दिलेला भाव परत घेतला. ज्यानं दोनशेला घेऊन ठेवला त्याची गोष्ट वेगळी. पण ज्यानं पाच हजाराला "महिनाभरात साडेपाच होतोय" म्हणून घेतला, त्याच्यासाठी कंपनी चांगली असण्याचा उपयोग काय झाला? ४६०० चा थांबा पाळला असता, तर शेअरमागे चारशेच्या आसपास गेले असते. न पाळल्यामुळे साडेतीन हजारांवर गेले. माल चांगला असणं आणि आपण दिलेला भाव चांगला असणं, या दोन गोष्टी आपल्या आजीला बाजारात भाजी घेताना कळत होत्या. आपल्याला मोबाईलवर शेअर घेताना कळत नाहीत.

थोडं गणित करू. घाबरू नका, पाचवीच्या पुढचं नाही. १०० चे ९० झाले तर परत १०० व्हायला ११ टक्के वाढ लागते. ८० झाले तर २५ टक्के. ५० झाले तर पूर्ण १०० टक्के, म्हणजे दुप्पट. आणि २५ झाले तर चौपट! खाली जाताना उतार आणि वर येताना कडा, अशी ही वाट आहे. दहा टक्क्यांचा तोटा माणूस एखाद-दुसऱ्या बऱ्या व्यवहारात भरून काढतो. पंच्याहत्तर टक्क्यांचा भरायला वर्षं जातात, आणि सत्तरीतल्या माणसाकडे ती वर्षं असतीलच असं नाही. काट्याचा नायटा होतो तो असा. काटा टोचला तेव्हाच काढला असता तर थेंबभर रक्त गेलं असतं.

आता या वाक्याचा शेवट कुठं होतो ते बघा. येस बँकेचा शेअर २०१८ च्या ऑगस्टमध्ये चारशेच्या आसपास होता. त्या भावाला घेऊन दहा टक्क्यांवर, म्हणजे ३६० वर थांबा ठेवणारा माणूस सप्टेंबरच्या त्या दणक्याआधीच बाहेर पडला असता. २१ सप्टेंबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेनं राणा कपूर यांची मुदत कमी केल्याची बातमी आल्यावर, शेअर एका दिवसात जवळजवळ २९ टक्के कोसळला. ज्यांनी विकलं नाही ते म्हणाले, आता एवढा पडलाय तर कशाला विकायचा? ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी भाव निम्म्याहून खाली गेला. आणि पुनर्रचनेच्या योजनेत काय ठरलं? ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं अडकवून ठेवले. म्हणजे "मी विकत नाही" याचं शेवटी "मला विकता येत नाही" झालं. ज्या स्वातंत्र्याच्या जोरावर हा माणूस दीड वर्ष फुशारकी मारत होता, ते स्वातंत्र्यच गेलं. स्टॉप लॉस म्हणजे तरी दुसरं काय? आपल्या हातात निर्णय आहे तोवर निर्णय घेणं.

माणूस असा का वागतो, यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालेला आहे. शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोघांनी १९८५ मध्ये दाखवलं की लोक नफ्यातले शेअर घाईनं विकतात आणि तोट्यातले उराशी धरून ठेवतात. पुढे टेरन्स ओडियन यांनी एका दलाली पेढीकडच्या दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासले, त्यातही १९९८ साली तेच निघालं. तेव्हा हा काही फक्त आपल्याकडचा दोष नाही. पण आपल्याकडे त्याला संस्कारांचं कोंदण मिळालं आहे. सोनं विकायचं नाही, जमीन विकायची नाही, घेतलेली वस्तू मोडायची नाही. संसारासाठी हे शहाणपण ठीक आहे. पण तीन आठवड्यांच्या बोलीवर घेतलेल्या शेअरला वडिलोपार्जित जमिनीचा मान देणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता हरकतींकडे येतो. माझे जुने विद्यार्थी भेटतात, त्यातला एक एमआयडीसीत नोकरीला आहे. तो परवा म्हणाला, "काय सर, स्टॉप लॉस लावला की नेमका तिथंच येतोय, आपल्याला उडवतोय आणि मग वर जातोय बघा! मुद्दामच करतेत." मी त्याला विचारलं, "थांबा कुठं लावतोस?" म्हणाला, "पाचशेला घेतला की चारशे नव्वद." का? तर दोन टक्के बरे वाटतात म्हणून! अरे बाबा, तो शेअर रोजच दोन-अडीच टक्के खालीवर होतो. दारातून माणसांची ये-जा चालू असताना तू चौकटीत काच ठेवतोस आणि फुटली म्हणून गावाला शिव्या देतोस. आपल्याला किती सोसवतं यावरून थांबा ठरत नसतो. आपला अंदाज कुठं खोटा ठरतो, यावरून तो ठरतो. मागच्या लाटेत भाव जिथून उलटा फिरला त्या तळाच्या थोडं खाली, आणि चारशे पन्नाससारख्या गोल आकड्यावर नाही, कारण तिथं सगळ्या गावाचे थांबे लागलेले असतात.

"मग तोटा मोठा होईल की सर," तो म्हणाला. होईल, नग तेवढेच ठेवलेस तर. इथंच खरी गोम आहे. समजा भांडवल दोन लाख आहे आणि एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे २००० रुपयांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत असं ठरलंय. शेअर ४०० चा, थांबा ३८० वर. शेअरमागे धोका २० रुपये, म्हणून १०० शेअर. थांबा ३६० वर ठेवावा लागत असेल तर ५० शेअर. थांबा लांब गेला तर नग कमी, धोका तोच. ही विभागणी ज्याला येते त्याचे दहा व्यवहार ओळीनं चुकले तरी दहाएक टक्केच जातात, माणूस खेळात राहतो. आणि दहातले सहा चुकून चार बरोबर आले, बरोबर आलेल्यांत धोक्याच्या दुप्पट मिळालं, तरी ८००० येतात आणि १२,००० जात नाहीत... थांबा, इथं घाई नको. चार बरोबर, प्रत्येकी ४००० म्हणजे १६,०००. सहा चूक, प्रत्येकी २००० म्हणजे १२,०००. उरले ४०००. त्यातून दलाली, खरेदी-विक्री दोन्हीवर ०.१ टक्का एसटीटी आणि वर कर. शिल्लक थोडीच, पण शिल्लक. आता याच हिशेबात एकच चूक २००० च्या जागी २०,००० ची होऊ द्या. सगळा डाव उलटतो. म्हणून म्हणतो, शिस्त दहातल्या नऊ वेळा पाळून भागत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे ॲव्हरेजिंग. "चारशेला घेतला, तीनशेला अजून घेऊ, सरासरी साडेतीनशे पडेल." ऐकायला किती छान! पण यात झालं काय, तर ज्या शेअरनं आपला अंदाज खोटा पाडला त्याच्यावर आपण दुप्पट विश्वास टाकला. बुडत्याचा पाय खोलात. १७६२ पासून चालत आलेली लंडनची बेअरिंग्ज बँक १९९५ च्या फेब्रुवारीत बुडाली ती अशीच. सिंगापूरमधला निक लीसन तोटा एका खात्यात लपवत गेला आणि भरून काढण्यासाठी सौदे वाढवत गेला. शेवटी तोटा झाला ८० कोटी पौंडांच्या वर. तिथं मोठी बँक होती, इथं एखाद्याची ग्रॅच्युइटी असते.

तिसरी पळवाट सगळ्यात प्रतिष्ठित. "आता लाँग टर्म ठेवतो." मला दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीबद्दल आदर आहे. जो माणूस ताळेबंद वाचून किंवा इंडेक्स फंडात दरमहा पैसे घालून पंधरा वर्षं थांबतो, त्याला हा लेख लागू नाही, त्यानं स्टॉप लॉस लावूही नये. पण तो निर्णय घेण्याच्या दिवशी झालेला असतो. पडल्यावर जो दीर्घ मुदतीचा होतो त्याला गुंतवणूकदार म्हणत नाहीत. नापास झाल्यावर "मी यंदा मुद्दामच अभ्यास पक्का करायला त्याच वर्गात बसलोय" म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत.

आणि चौथी, "स्टॉप लॉस माझ्या मनात आहे." मनातला स्टॉप लॉस म्हणजे मनातला उपवास. साबुदाण्याचा वास आला की मोडतो. उजनीचं पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजे उघडतात, भीमेत पाणी सोडतात. तिथला अधिकारी "बघू, पाऊस थांबेल रात्रीतून" म्हणत बसला तर पंढरपूरचं काय होईल? पातळी आधीच ठरवलेली असते, कारण ऐन पावसात माणसाचं डोकं ठिकाणावर असेलच असं नाही. आपलंही तसंच आहे. म्हणून थांबा घेतानाच प्रत्यक्ष लावायचा.

लावतानाही दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात, कारण "लावला होता पण लागला नाही" ही तक्रारही मी ऐकतो. आपण बाजारात टाकलेली साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवशी संध्याकाळी संपते. काही दिवस शेअर ठेवणाऱ्यानं ती रोज सकाळी टाकावी, नाहीतर दलालाकडे जीटीटीची सोय असते ती वापरावी. जीटीटी दलालाच्या संगणकात पडून राहते आणि भाव तिथं आला की बाजारात ऑर्डर जाते. पण आपण डीडीपीआयचा कागद करून दिलेला नसेल, तर विक्रीसाठी आधी टीपिन टाकून परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर ऐन वेळी ऑर्डर फेटाळली जाऊ शकते. तिसरं, ट्रिगरचा भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा किमान भाव यांत थोडं अंतर ठेवावं. दोन्ही एकच ठेवले आणि भाव झपकन खाली निघून गेला, तर ऑर्डर वर लोंबकळत राहते.

आणि खरं तेही सांगायला हवं. स्टॉप लॉस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचा घोटाळा उघड झाला आणि १७९ च्या आसपासचा शेअर त्याच दिवशी ४० वर बंद झाला. मधल्या भावांना गिऱ्हाईक कुठं होतं? २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३ टक्के पडला, सकाळीच बाजार पाऊण तास बंद करावा लागला. छोट्या कंपन्यांत लोअर सर्किट लागलं की विकायला रांग असते आणि घ्यायला कुणी नसतं. अशा वेळी थांबा ठरल्या भावाला लागत नाही. पण यातून "मग लावायचाच कशाला" असा निष्कर्ष काढणारा माणूस हेल्मेट घालूनही लोक मरतात म्हणून बोडक्यानं गाडी चालवणारा आहे. यातून निघतं ते एवढंच, की एका शेअरमध्ये सगळं भांडवल घालू नये, सर्किटला लागणाऱ्या पातळ शेअरांच्या वाटेला जाऊ नये, आणि निकालाच्या आदल्या रात्री मोठा सौदा उघडा ठेवू नये.

एवढं तावातावानं का लिहितोय? कारण पैसा कुणाचा आहे ते मला दिसतंय. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२-२३ मध्ये रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहातल्या सात जणांना तोटा झाला. आणि त्या सगळ्यांत तिशीच्या आतले ४८ टक्के होते. ही माझ्या नातवंडांच्या वयाची मुलं. दुसरीकडे माझ्याच वयाचे, निवृत्तीचे पैसे घेऊन बसलेले लोक. माझ्या एका सहकाऱ्यानं एका बांधकाम कंपनीचा शेअर घेतला होता, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली. या वर्षी नातीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पैसे लागले तेव्हा त्यांनी तो शेअर तसाच ठेवला आणि कर्ज काढलं. "आत्ता विकलं तर तोटा होईल हो," मला म्हणाले. कर्जाला व्याज चालू, आणि तिकडे तोटा मात्र "झालेला नाही". त्यांना कुणी हेही सांगितलं नव्हतं, की विकून झालेला तोटा विवरणपत्रात वेळेवर दाखवला तर पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. न विकलेला तोटा मात्र आयकर खातंही मानत नाही.

आणि शेवटी एक गोष्ट मनातून जात नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं याच आपल्या सोलापूरच्या यार्डात ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव मिळाला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात चेक पडला दोन रुपयांचा. पेपरांत सगळीकडे आलं होतं. त्या माणसाला लागवड झाल्यावर बाहेर पडायची सोय नव्हती. बी गेलं, खत गेलं, चार महिने गेले, भाव पडतोय हे दिसत असूनही त्याला थांबता येत नव्हतं. थांबा लावायचं बटणच त्याच्या धंद्यात नाही. आपल्याकडे ते आहे. खुर्चीत बसून, चहा पिता पिता, दोन आकडे टाकून आपण आपलं नुकसान एक टक्क्यावर बांधून घेऊ शकतो. आणि आपण ते करत नाही, का, तर आपला अंदाज चुकला हे मान्य करायला जड जातं म्हणून!

असो. लांबलं फार. ज्यांच्या खात्यात असा एखादा "विकलं नाही म्हणजे तोटा नाही" वाला शेअर पडून आहे, त्यांनी एकच करावं. आज हातात तेवढी रोख रक्कम असती, तर आजच्या भावाला मी हाच शेअर घेतला असता का, असं स्वतःला विचारावं. उत्तर "हो" असेल तर खुशाल ठेवा, पण आजच नवा थांबा लावा. उत्तर "नाही" असेल, तर उद्या सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो.